दोष पालकाच्या भाजीचा नाही

प्रश्न : ह्यांच्या हृदयाची झडप बदलून सहा वर्षं झाली. झडप धातूची, म्हणून रक्त पातळ ठेवणारी असिनोकूमरॉलची गोळी रोज असते. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा, नेहमी ३ च्या आसपास. संक्रांतीला पाहुणे आले, त्यांच्याबरोबर रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू (तळलेले कंद) खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी ह्यांना जुलाब. औषधाच्या दुकानातून मेट्रोनिडाझोल आणून पाच दिवस घेतलं. सहाव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त, थांबेचना. आयएनआर निघाला ६.८! डॉक्टरांनी गोळी दोन दिवस बंद ठेवून आता कमी मात्रेत सुरू केलीय. शेजारच्या वहिनी म्हणतात पालक-मेथी बाधली, म्हणून भाज्या बंद केल्यात. बरोबर ना?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, आधी भाजी सुरू करा. पालक-मेथीतलं व्हिटॅमिन के रक्त गोठायला मदत करतं. पालक जास्त झाला असता तर आयएनआर खाली आला असता. उलट भाजी एकदम बंद केलीत तर तो चढेल. पूर्वी जेवढी खात होते तेवढीच असू द्या.

गडबड झाली ती यकृतात. असिनोकूमरॉल मोडून बाहेर काढण्याचं काम मुख्यतः सीवायपी२सी९ नावाचं एन्झाइम करतं. मेट्रोनिडाझोल नेमकं त्यालाच अडवतं. कालची गोळी पुरती निघालेली नसताना आजची वर पडत गेली. त्यात जुलाब, पेज-ताकावर काढलेले दिवस, म्हणजे पोटात व्हिटॅमिन केही कमीच. "पण गोळी तर तीच, तेवढीच होती!" हे वाक्य मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून ३१ वर्षं ऐकलंय. खरंच तेवढीच असते.

मला काळजी वाटते ती पुढच्या दिवसांची. मेट्रोनिडाझोल थांबल्यावर एन्झाइम काही दिवसांत मोकळं होतं आणि गोळी पुन्हा भराभर निघून जायला लागते. तुमची मात्रा मात्र कमी केलेली! आयएनआर फार उतरला तर धातूच्या झडपेवर गुठळी बसू शकते, आणि तिची आधी चाहूल लागत नाही. म्हणून तीन-चार दिवसांत तपासणी करून घ्या, आकडा जागेवर येईपर्यंत दर आठवड्याला. मात्रा डॉक्टरच ठरवतील. काळी शौच, लाल लघवी, डोक्याला मार किंवा अचानक प्रचंड डोकेदुखी झाली तर वेळ न घालवता इस्पितळ गाठा.

मेट्रोनिडाझोल चिठ्ठीशिवाय देऊच नये असा नियम आहे. दुसरी कुठली गोळी चालू आहे का हे दुकानदारानं विचारायला हवं होतं, तुम्हीही सांगायला हवं होतं. गजकर्णासाठी देतात ती फ्लुकोनाझोलची गोळीही हाच खेळ करते, तेही लक्षात असू द्या. असिनोकूमरॉलचं रिकामं पाकीट यजमानांच्या पैशाच्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे ठेवा. नाव आठवत नाही म्हणून कितीजण "ती पांढरी, छोटी" एवढंच सांगतात.

गराडू तर उकळत्या तेलातून येतात, त्यांच्यावर माझा संशय नाही. पाणी कुठलं प्यायलात?