आधी सेव्ह, मग बॅटरी

जुन्या व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजवरचा गेम चालू होतोय म्हणून सेव्हही, म्हणजे खेळातली साठवलेली प्रगतीही, शाबूत राहील, असं धरून चालू नकोस. गेम रॉममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत असतो, तो बॅटरीशिवायही चालतो. जुन्या कार्ट्रिजमधलं सेव्ह मात्र बहुतेकदा एसरॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसली जाणाऱ्या मेमरीत असतं आणि आतली 3 व्होल्टची बटण बॅटरी त्याला जिवंत ठेवते. ती संपली की सेव्ह गेलंच. गेम बॉयवरच्या 1999 च्या पोकेमॉन गोल्डमध्ये त्याच बॅटरीवर घड्याळही चालतं, त्यामुळे ती आणखी लवकर बसते.

म्हणून स्क्रूड्रायव्हर शोधण्याआधी कार्ट्रिज कॉम्प्युटरला जोडणारा कार्ट्रिज रीडर घे आणि सेव्हची फाइल कॉम्प्युटरवर उतरव. गोल्डची फाइल जेमतेम 32 केबीची. ती एम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून बघ, हे महत्त्वाचं. मी बघितली नव्हती. कार्ट्रिजचे पिन मळलेले होते, फाइलमध्ये नुसता कचरा आला होता, आणि मी बॅटरी खुशाल उपटून मोकळा! तेव्हा पिन आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे.

कार्ट्रिज उघडायला 3.8 मिमीचा गेमबिट, म्हणजे अशा स्क्रूसाठीचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो. नवी बॅटरी सोल्डरिंगच्या पत्र्या जोडलेलीच घे. सेलवर थेट सोल्डरिंग केलं तर तो तापून फुटू शकतो. बॅटरी चिकटपट्टीने बसवायचा जुगाड मला अजिबात पटत नाही, कार्ट्रिज हलली की संपर्क तुटतो. प्लस-मायनस तपासून डाग दे, मग फाइल परत चढव.

प्लेस्टेशन 1 च्या मेमरी कार्डात बॅटरीच नसते, तिथे फक्त प्रत काढून ठेव. सेगाच्या सॅटर्न कन्सोलची सीआर2032 बटण बॅटरी मागच्या झाकणाखाली असते, सोल्डरिंगशिवाय बदलता येते.