अँटीबॉडी चाचणीची अचूकता आणि शेअरचा भाव

प्रश्न : कोविडच्या काळात अँटीबॉडी चाचणीचे किट बनवणाऱ्या एका छोट्या बायोटेक कंपनीचे शेअर मी घेतले होते. ‘९५ टक्के अचूक’ हा तिचा दावा मला तेव्हा पुरेसा वाटला. आज भाव खरेदीच्या एक-पंचमांशावर आला आहे. याच तंत्रावर इतर आजारांच्या चाचण्या काढणार असल्याचे कंपनी सांगते. आणखी शेअर घेऊन खरेदीभावाची सरासरी खाली आणावी का? आणि या चाचणीचा मुळात उपयोग तरी किती होता?

उत्तर : प्रश्नाचा उत्तरार्ध आधी घेतो, कारण पूर्वार्धाचे उत्तर बरेचसे त्यातच आहे. अँटीबॉडी चाचणी विषाणू शोधत नाही, तर विषाणूला शरीराने दिलेला प्रतिसाद, म्हणजे त्याच्याशी लढणारी प्रथिने (अँटीबॉडी), शोधते आणि तो रक्तात दिसू लागायला लागण झाल्यापासून साधारण १ ते ३ आठवडे लागतात. त्यामुळे ताप-खोकला असलेल्या माणसाला आज कोविड आहे का, हे ठरवण्यासाठी ती कामाची नव्हती. ते काम आरटी-पीसीआरचे होते. एखाद्या लोकसमूहात किती जणांना संसर्ग होऊन गेला, हे कळण्यासाठी मात्र ती खरोखरच उपयोगी पडली.

आता ‘९५ टक्के’ या आकड्याकडे पाहू. समजा, १००० लोकांपैकी ५० जणांना संसर्ग होऊन गेला आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९५ टक्के बरोबर आहे. त्या ५० पैकी ४७-४८ जणांचा अहवाल पॉझिटिव्ह येईल. परंतु ज्यांना संसर्ग झालाच नाही अशा ९५० जणांपैकीही ५ टक्के, म्हणजे पुन्हा ४७-४८ जण, पॉझिटिव्ह ठरतील. हाती आलेल्या पॉझिटिव्ह अहवालांपैकी निम्मे चुकीचे! हेच किट ४०० जणांना संसर्ग होऊन गेलेल्या हजारांच्या गटात वापरले, तर सुमारे ४१० पॉझिटिव्ह अहवालांपैकी ३८० खरे निघतील. म्हणजे किट तेच असूनही अहवालावर किती विसंबावे, हे साथ किती पसरली आहे यावर ठरत होते, आणि संसर्ग कमी असताना ९५ टक्के व ९९.८ टक्के अचूकता यांतला फरक फार मोठा होता. जाहिरातीत हे कोण सांगणार?

कंपनीच्या दृष्टीने अडचण आणखी वेगळी होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये अशा चाचण्यांना पूर्वपरवानगीशिवाय बाजारात येऊ दिले, तेव्हा किटांचा अक्षरशः पूर आला. मे महिन्यात नियम कडक झाल्यावर अनेक किटे प्रशासनाच्या यादीतून काढली गेली. रॉश आणि ॲबट या चाचण्या बनवणाऱ्या बड्या कंपन्यांची यंत्रे प्रयोगशाळांत आधीपासूनच बसवलेली होती, त्यामुळे त्यांना फक्त नवे रसायन पुरवायचे होते. छोट्या कंपनीकडे असे हुकमी गिऱ्हाईक नव्हते. शिवाय ही मागणी साथीसोबत येणारी आणि साथीसोबतच ओसरणारी होती.

बातमीवर भाव किती उसळतो, याचे उदाहरण म्हणजे सोरेंटो थेरप्युटिक्स ही अमेरिकी औषध कंपनी. मे २०२० मध्ये तिने औषध म्हणून बनवलेल्या आपल्या अँटीबॉडीने प्रयोगशाळेत विषाणू पूर्णपणे रोखल्याचे जाहीर केले आणि शेअर एका दिवसात दुपटीहून अधिक झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. विज्ञान खरे ठरले तरी भाव टिकतोच असेही नाही. नोव्हावॅक्स या अमेरिकी कंपनीची कोविड लस मोठ्या चाचणीत सुमारे ९० टक्के परिणामकारक ठरली, तरी २०२१ च्या आरंभी ३०० डॉलरच्या वर गेलेला तिचा शेअर २०२३ मध्ये १० डॉलरच्या खाली होता.

तेव्हा केवळ सरासरी खाली आणण्यासाठी खरेदी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही कोणत्या भावाने घेतले, याच्याशी कंपनीच्या भवितव्याचा काहीही संबंध नाही. तिचा ताळेबंद काढा आणि शिल्लक रोकडीला तिमाही खर्चाने भागा. चार तिमाहींचीही बेगमी नसेल, तर ती लवकरच नवे शेअर काढील आणि कंपनीतला तुमचा हिस्सा त्या प्रमाणात घटेल. नव्या चाचण्यांपैकी कोणत्या चाचणीला परवानगी मिळाली आहे आणि तिचे पैसे रुग्ण, रुग्णालय की विमा कंपनी देणार, हेही पाहा. ‘याच तंत्रावर’ हे शब्द विक्रीच्या आकड्यांत दिसत नसतील, तर आहे तो शेअर ठेवण्यालाही मला कारण दिसत नाही.

प्रश्न : लशीनंतर माझ्या अँटीबॉडीचा आकडा बराच मोठा आला आहे. पुढचा डोस टाळला तर चालेल का?

उत्तर : या आकड्यावरून तसे ठरवू नये. अमुक पातळीच्या वर संरक्षण नक्की, अशी सर्वमान्य रेषा नाही, वेगवेगळ्या किटांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि विषाणू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी व संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या टी-पेशी यांचा वाटा या चाचणीत मोजलाच जात नाही. लशीनंतरची प्रतिकारशक्ती जोखण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेच मे २०२१ मध्ये सांगितले होते. डोसचा निर्णय वय, इतर आजार आणि मागच्या डोसला झालेला काळ पाहून डॉक्टरांशी बोलून घ्यावा.