शिडीवर चढलेला केशभूषाकार

प्रश्न : अठराव्या शतकातील एका इंग्रजी छापील चित्रात एका स्त्रीचा केशसंभार इतका उंच दाखवला आहे, की केशभूषाकार शिडीवर चढून तो नीट करतो आहे. असे केशसंभार खरोखर असत काय? आणि लंडनचे उमराव आपली ही टवाळी सहन कशी करत?

उत्तर : शिडी ही चित्रकाराची भर आहे, उंच केशसंभार मात्र खरा. १७७०च्या दशकात डोक्यावर लोकरीच्या किंवा घोड्याच्या केसांच्या गाद्या बसवून त्यांवरून केस चढवत, सुगंधी चरबी चोपडत आणि वरून पांढरी पूड मारत. पुरुषही मागे नव्हते. इटलीचा प्रवास करून परतलेल्या, केसांचे उंच टोप घालणाऱ्या नटव्या तरुणांना ‘मॅकरोनी’ म्हणत आणि मॅथ्यू व मेरी डार्ली या दांपत्याच्या लंडनमधील दुकानात त्यांची चित्रे झपाट्याने खपत. गंमत अशी, की त्यांतील कित्येक चित्रांची कच्ची रेखाटने हौशी उच्चकुलीन स्त्रीपुरुषच आणून देत. सहनशीलतेचा प्रश्न येथेच बराचसा सुटतो, कारण हसणारे बहुधा त्याच वर्तुळातले होते.

त्याआधीचा इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याची गोष्ट थोडी वेगळी, आणि माझ्या मते अधिक बोचरी. त्याच्या ‘मॅरेज आ-ला-मोड’ या सहा चित्रांच्या मालिकेत (छापील आवृत्ती १७४५) कर्जबाजारी उमराव आपल्या मुलाचे लग्न पैसेवाल्या व्यापाऱ्याच्या मुलीशी ठरवतो. दुसऱ्या चित्रात रात्रभर बाहेर राहिलेला नवरा खुर्चीत गळून पडला आहे, कुत्रे त्याच्या खिशातील परक्या स्त्रीची टोपी हुंगते आहे आणि कारभारी थकलेल्या बिलांचा गठ्ठा घेऊन हताशपणे निघाला आहे. येथे कोणाचे नाक ओढून लांब केलेले नाही. आपण स्वभाव रंगवतो, विडंबन करत नाही, असा होगार्थचा आग्रहच होता. नकला करणाऱ्या छापखानेवाल्यांना आळा घालणारा, कोरीव चित्रांना १४ वर्षांचे संरक्षण देणारा १७३५चा कायदाही त्याच्याच खटपटीतून झाला.

पुढे इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेने नेमक्या व्यक्तींनाच धरले. १७९२च्या त्याच्या एका चित्रात युवराज जॉर्ज भरपेट जेवून काट्याने दात कोरत बसला आहे, पोटावरचा अंगरखा फाटायला आला आहे आणि मागे न फेडलेली बिले तुंबलेल्या मूत्रपात्राखाली दाबून ठेवली आहेत. तरीही हाच युवराज अशा चित्रांचा मोठा संग्राहक होता. विंडसरच्या राजवाड्यातील तो संग्रह १९२१मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विकत घेतला.