फ्रेट वायर आधी वाकवावी लागते का, की ठोकली की आपोआप बसते?

तुम्ही विचारलंय की जुन्या अकूस्टिक गिटारचे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजलेत, मागवलेली वायर सरळ पट्ट्यांमध्ये आली, इंदूरमध्ये बेंडर (वायर वाकवायचं साधन) कुठे मिळत नाही, आणि दुकानदार म्हणतो ‘ठोकली की आपोआप वळते’. तर वाकवायची खरंच गरज आहे का?

आहे. ठोकून ती बसत नाही, बसल्यासारखी दिसते. हे वाक्य म्हणणाऱ्यांनी बसवलेले फ्रेट नंतर दुसऱ्या कुणाला तरी उपटावे लागतात, म्हणून एवढं लांब लिहितोय.

राजेंद्र नगरहून एक गिटार आली होती. फ्रेट पावसाळ्यात नवे टाकलेले, तक्रार उन्हाळ्यात सुरू झाली: बाराव्या फ्रेटच्या पुढे पहिली तार मेलेली, वाजवली की नुसता ‘टक’ आवाज. बोर्ड, म्हणजे फ्रेट बसतात ती मानेवरची फळी, 16 इंच रेडियसचा: आडवा किंचित गोल, 16 इंच त्रिज्येच्या वर्तुळाच्या तुकड्यासारखा. बाराव्या फ्रेटवर मधोमध नखाने टिचकी मारली की भरीव आवाज, पहिल्या तारेखाली मारली की पोकळ. तिथे क्राउनखाली (क्राउन म्हणजे फ्रेटचा वर दिसणारा गोल भाग) 0.1 मिमीची फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, आरामात आत गेली. टोकांना सुपरग्लूचे पांढरे डाग. म्हणजे टोकं उचललेली कळलं होतं, आणि त्यावर उपाय म्हणून खाली गोंद भरला होता. वर लेव्हलिंगही (सगळे फ्रेट घासून एका पातळीत आणणं) केलेलं. उचललेली टोकं साहजिकच जास्त घासली गेली. मधे क्राउन 1.1 मिमी, कडेला 0.8.

आता हिशोब बघा. बाराव्या फ्रेटपाशी बोर्ड साधारण 54 मिमी रुंद असतो. 16 इंच म्हणजे 406 मिमी रेडियसवर एवढ्या रुंदीत मध्य कडांपेक्षा 0.9 मिमी उंच येतो. ऐकायला हे काहीच नाही. पण टँग, म्हणजे वायरचा बोर्डच्या खाचेत शिरणारा खालचा भाग, तोच दीड ते दोन मिमी खोल असतो. सरळ वायर मध्यावर टेकवली तर कडेला जवळजवळ अर्धा टँग खाचेच्या बाहेर राहतो. टोक ठोकलं की मध्य उचलतो, मध्य ठोकला की टोक. प्रत्येक फेरीत टँगवरचे दाते लाकूड थोडं थोडं ओरबाडतात. जर्मन सिल्व्हरला स्प्रिंग असते, ती आपला आकार विसरत नाही. एवढी ओढाताण झाल्यावर खाच सैल होते आणि दात्यांना धरायला काही उरत नाही. वर माळव्याचा एप्रिल-मे: हवा कोरडी, लाकूड आकसतं, उरलीसुरली पकड जाते. त्या गिटारच्या खाचा 0.58 मिमीच्या असायला हव्या होत्या, तोंडाशी 0.7 निघाल्या. मग रोझवूडच्या पातळ पट्ट्या चिकटवून खाचा पुन्हा कापणं आलं. वायर वाकवायला लागला असता त्याच्या कितीतरी पट वेळ.

म्हणून वायर बोर्डपेक्षा जास्त वाकलेली हवी, म्हणजे तिचा रेडियस लहान. टोकं आधी खाचेत शिरतात, नंतर मध्य दाबला जातो आणि वायरची स्प्रिंग टोकांना खालीच दाबून ठेवते. 16 च्या बोर्डला 14, 12 च्या बोर्डला 10 इंच ठेवा. मोजायला गेज नको: वाकवलेल्या पट्टीवर 150 मिमीचं अंतर घ्या, दोन बिंदूंमध्ये फूटपट्टी धरा, मधली उंची मोजा. 14 इंचाला 8 मिमी, 10 इंचाला 11.3 मिमी. याहून फार पुढे जाऊ नका. अति वाकलेली वायर मधे ठोकताना सपाट होते, टोकं बाहेरच्या बाजूला सरकतात आणि दाते खाचेत लांबीने नांगरत जातात. तुमच्या बोर्डचा रेडियस आधी पुठ्ठ्याचे गोल कापून तपासा. मार्टिन पद्धतीच्या गिटारींना सहसा 16, गिब्सन पद्धतीच्या 12, पण स्वस्त गिटारीत काहीही निघतं.

बेंडर घरी होतो. 608 नंबरची बेअरिंग चार (22 मिमी बाहेर, 8 मिमी भोक, 7 मिमी जाड), 6 मिमी जाड लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची प्लेट, एम-8 बोल्ट. सियागंज बाजारात एका फेरीत सगळं मिळेल. दोन बेअरिंग 65 मिमी अंतरावर पक्की बसवा, ती क्राउनच्या बाजूने टेकतात. तिसरा बोल्ट मधोमध, प्लेटमधल्या खाचेत पुढे-मागे सरकणारा, मागून एम-6 स्क्रूने दाबायचा; त्यावर एकावर एक दोन बेअरिंग आणि मधे 1 मिमीची शिम (पातळ चकती). त्या फटीत टँग धावतो, कारण टँग वळणाच्या आतल्या बाजूला असतो. दुकानातला साधा एम-8 वॉशर इथे घालू नका. तो 1.6 मिमी जाड असतो, तेवढ्या फटीत टँग कलतो. शिवाय 16 मिमी व्यासामुळे बेअरिंगच्या झाकणाला घासतो. शिम 12 मिमी व्यासाची हवी, लेथवाला पाच मिनिटांत काढून देतो. कडेच्या दोन बेअरिंगखाली 4 मिमीचा वॉशर-थर द्या, म्हणजे त्यांचा मध्य फटीच्या रेषेत येईल. हा थर विसरलात तर वायर वर चढून पिळते, आणि पिळलेली वायर सरळ करायचा नाद सोडून द्यावा लागतो.

वायर हाताने ओढत आरपार न्या, स्क्रू पाव फेरा आवळा, पुन्हा ओढा. एका दमात पूर्ण वाक द्यायला गेलात तर मधल्या बेअरिंगपाशी कोपरा पडतो. पट्टीची दोन्ही टोकं दोन-तीन सेंमी सरळच राहतात, ती कापून टाका. 20 फ्रेटना, प्रत्येक तुकडा दोन्हीकडे 3 मिमी जास्त धरून, सव्वा मीटरच्या आत वायर लागते; दीड मीटर घ्या.

हाताने होतं का? एक-दोन फ्रेटांपुरतं होतं. सागाच्या फळीची कड 6 इंच रेडियसने गोल करा, त्यात करवतीची चीर पाडा, टँग चिरेत घालून वायर अंगठ्याने दाबत न्या. सोडल्यावर वायर थोडी उघडते, म्हणून साचा एवढा लहान. पण सगळे वीस एकसारखे येणार नाहीत आणि फरक लेव्हलिंगमध्ये भरून काढावा लागेल. पक्कडने चिमटे घेत वाकवणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. क्राउनवर दर सेंटीमीटरला वळ उठतात.

दुकानदार ‘पण आमच्या तर बसतात’ म्हणाला तर वाद घालू नका. त्याने बसवलेल्या फ्रेटच्या टोकाखाली 0.05 ची फीलर गेज सरकवून त्याच्याच हातात द्या. शेवटी सुपरग्लूवर येईल, तो हमखास येतो. गोंद खाचेतल्या लाकडाला आणि टँगला धरायला असतो, क्राउनखालची पोकळी भरायला नाही.

राहिलेल्या गोष्टी. हे सगळं जर्मन सिल्व्हर वायरपुरतं. स्टेनलेसला हा बेंडर चालतो, पण ती जास्त उघडते, त्यामुळे मोजून मोजून फेऱ्या वाढवा, आणि साधे निपर (वायर कापायची पक्कड) तिच्यावर बोथट होतात. क्लासिकल गिटारचा बोर्ड बहुतेकदा सपाट असतो. तिथे अगदी नावापुरता बाक पुरे. जुने फ्रेट काढताना आधी सोल्डरिंग आयर्नने तापवा, नाहीतर खाचेच्या कडा उडतील आणि वरचा सगळा हिशोब फुकट जाईल. टोकं छाटताना चष्मा लावा, तुकडे सरळ तोंडाकडे येतात.