जुना एक्सपी, तुमचे प्रश्न: फॉरमॅट मारायच्या आधी

मागच्या अंकात घरच्या जुन्या, विंडोज एक्सपीवाल्या कॉम्प्युटरबद्दल पत्रं मागवली होती. आलेल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य आहेच, "दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल". फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसणं, म्हणून आज पहिल्यांदा तेच.

प्रश्न: कॉम्प्युटर चालू केला की काळ्या स्क्रीनवर "एनटीएलडीआर इज मिसिंग" एवढंच येतं, पुढे काही होत नाही. मुलाच्या लहानपणीचे सगळे फोटो त्यातच आहेत, दुसरीकडे कुठे कॉपी नाही. फॉरमॅट करू का?
(एक वाचक, लातूर)

उत्तर: ताई, नाही, अजिबात करू नका. एनटीएलडीआर ही सी ड्राइव्हवरची एक छोटी फाइल, विंडोज सुरू करून द्यायचं काम तिचं, ती सापडत नाहीये एवढाच त्या मेसेजचा अर्थ, फोटो गेले असा नाही. आधी मशीनला पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर किंवा आत जुनी सीडी, फ्लॉपी राहिलीय का ते बघा, असेल तर काढा आणि परत चालू करा. कारण बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारी मशीनची मूळ सेटिंग) यूएसबी किंवा फ्लॉपी पहिल्या नंबरवर असली की मशीन विंडोज आधी तिथेच शोधायला जातं, तिथे ते नसतं आणि मग हा मेसेज. कित्येकांचं काम इथेच होतं.

नाही झालं तर चालू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायॉसमध्ये जा आणि हार्ड डिस्कचं नाव दिसतंय का ते बघा. दिसत नसेल तर मशीनची पिन काढून, कॅबिनेट उघडून डिस्कच्या दोन्ही केबल नीट दाबून बसवा. आणि हे महत्त्वाचं, डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि "बघू परत एकदा" म्हणून चालू करत बसू नका, अशी डिस्क जितकी फिरेल तितका डेटा हाताबाहेर जातो, ती सरळ डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्यायची.

आवाज नसेल तर दुरुस्तीच्या आधी फोटो दुसरीकडे कॉपी करून घ्यायचे. डिस्क बाहेर काढा, आयडीई आहे की साटा (डिस्कच्या जोडणीचे दोन प्रकार) ते बघून तसा यूएसबी अ‍ॅडॉप्टर आणा आणि ती दुसऱ्या चालू कॉम्प्युटरला जोडा. फोटो सी ड्राइव्हवर डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात माय डॉक्युमेंट्स, इथे असतील, डेस्कटॉपचा फोल्डरही शेजारीच असतो, तोही विसरू नका. "अ‍ॅक्सेस डिनाइड" आलं तर घाबरू नका, तो फक्त परवानगीचा प्रश्न आहे, प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीत जाऊन फोल्डरची मालकी आपल्या नावावर केली की उघडतो.

फोटो दोन ठिकाणी कॉपी झाले की मग दुरुस्ती. एक्सपीची सीडी टाकून त्यावरून मशीन चालू करायचं, पहिल्या निळ्या स्क्रीनवर आर दाबून रिकव्हरी कन्सोलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या दुरुस्तीच्या स्क्रीनवर, जायचं आणि सीडीच्या आय-थ्री-एट-सिक्स फोल्डरातल्या एनटीएलडीआर आणि एनटीडिटेक्ट या दोन फाइल कॉपी कमांडने सी ड्राइव्हच्या मुळाशी (कुठल्याही फोल्डरच्या आत नाही) टाकायच्या, मग फिक्सबूट ही कमांड चालवायची. यात फॉरमॅट कुठेही येत नाही. दुरुस्तीवाल्याला हे एवढं दाखवा.

प्रश्न: रोज सकाळी तारीख मागे जाऊन २००२ झालेली असते, आणि कुठलीच वेबसाइट उघडत नाही, सर्टिफिकेटची चूक दाखवते. व्हायरस आहे का?
(सातारा)

उत्तर: व्हायरस नाही, सेल संपलाय. मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर-२०३२, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. मशीनची पिन काढा, जुना सेल कसा बसलाय ते नीट बघून तसाच नवा बसवा आणि बायॉसमध्ये जाऊन तारीख-वेळ घाला. वेबसाइटच्या सर्टिफिकेटला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, तुमचं मशीन २००२ मध्ये असेल तर त्याच्या हिशोबाने ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही.

पण सेल बदलूनही सगळ्या साइट उघडतील असं नाही. एक्सपीवर इंटरनेट एक्सप्लोरर ८ च्या पुढे जात नाही, क्रोमने २०१६ मध्ये एक्सपी सोडला, फायरफॉक्सचं ५२ हे शेवटचं, त्याचेही अपडेट २०१८ मध्ये बंद झाले. आजच्या साइटना जी सुरक्षित जोडणी लागते ती या जुन्या ब्राउझरना पुरेशी जमत नाही. तुमच्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसू नका.

प्रश्न: निवृत्त शिक्षिका आहे. वीस वर्षांपूर्वी गावाच्या इतिहासावर मराठीत बरंच टाइप केलं होतं. आता मुलीच्या लॅपटॉपवर फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाइल खराब झाली का?
(रत्नागिरी)

उत्तर: मॅडम, फाइल शाबूत आहे, एक अक्षरही गेलेलं नाही. तुमचं पत्र वाचून खरंच बरं वाटलं की तुम्ही ती डिलीट केली नाहीत, कारण अशा फाइल "करप्ट" समजून लोकांनी किती टाकून दिल्या असतील.

त्या काळी आपण श्रीलिपी, आकृती, कृतिदेव किंवा पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरमधले सुरेख, योगेश वगैरे फॉन्ट वापरायचो. त्यात फाइलच्या आत मराठी नसायचंच, इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचेच कोड साठवलेले असायचे आणि फॉन्ट त्या कोडच्या जागी क, ख, काना, वेलांटी असं चित्र काढायचा. फॉन्ट नसला की उरतात नुसते कोड, तेच तुम्हाला दिसतंय. म्हणून जुना कॉम्प्युटर चालू असेल तर तो आत्ता मोडीत काढू नका. त्यावर फाइल उघडा, मजकूर निवडा, वर फॉन्टच्या रकान्यात कुठलं नाव येतं ते लिहून ठेवा. मग सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरातून त्या नावाची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि लॅपटॉपवर इन्स्टॉल करा, मजकूर बहुतेक करून लगेच वाचता येतो. आणि जुन्या मशीनवर चालतंय तोवर सगळ्याचं एक प्रिंट काढाच, कागद कुठल्याही फॉन्टशिवाय वाचता येतो.

पुढे कायमचं करायचं तर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड असतो त्या पद्धतीत, बदलून घ्या. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचे कोड वेगळे, कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही, म्हणून ते फॉन्टचं नाव लिहून ठेवायचं. बदलून झाल्यावर प्रिंट शेजारी ठेवून वाचा, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास भलत्या अक्षरावर जातात, मधे आलेले इंग्रजी शब्द बिघडतात, आकडेही तपासा. इतिहासाचं लिखाण आहे, एक साल चुकलं तरी पुढचा वाचणारा तेच खरं धरेल.

उलटी अडचणही काहींनी लिहिलीय, नवं युनिकोड मराठी एक्सपीवर उघडलं की चौकोन दिसतात नाहीतर जोडाक्षरं फुटतात. त्याला कंट्रोल पॅनल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, लँग्वेजेस, तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकटीत टिक करा, एक्सपीची सीडी मागेल ती द्या, रीस्टार्ट करा. मंगल फॉन्ट येतो आणि मराठी नीट दिसायला लागतं.

प्रश्न: मशीन अचानक गोगलगाय झालंय, साधी फाइल कॉपी करतानाही अडकतं.
(फोंडा, गोवा)

उत्तर: आयडीई डिस्क असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज बघा. तिथे अल्ट्रा डीएमए या वेगवान पद्धतीच्या जागी पीआयओ दिसलं तर कारण सापडलं. वाचताना वारंवार चुका झाल्या की एक्सपी आपणहून डिस्कला त्या संथ पद्धतीवर टाकतं. तो चॅनल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, विंडोज तो परत शोधून बसवतं. पण चुका मुळात का झाल्या? केबल नाहीतर डिस्क, म्हणून बॅकअप आधी घ्या, वेग नंतर.

प्रश्न: अँटिव्हायरस टाकला तर एक्सपी नेटवर वापरायला चालेल ना?
(पुणे)

उत्तर: नाही, आणि यात मी अजिबात मऊ बोलणार नाही. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट बंद केला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं थांबवलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्यांनी एक्सपीसाठी खास पॅच, म्हणजे तशी एक दुरुस्ती, काढला, पण तो अपवाद होता. खिडकीच उघडी असताना अँटिव्हायरस किती पुरणार. बँक, यूपीआय, ईमेल यातलं काहीही त्या मशीनवर करू नका. नेटची केबल काढा, वायफायचा यूएसबी असेल तर तोही. मग टायपिंग, जुना स्कॅनर, मुलांचे जुने सीडीवाले गेम यासाठी खुशाल वापरा, फाइल न्यायला एक वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा आणि तो दरवेळी नव्या मशीनवर स्कॅन करूनच लावा.