मतदार नेत्याच्या चुका पदरात का घेतात?

तुम्ही विचारलंय की, कामात उघडउघड नापास झालेल्या नेत्याला त्याचे मतदार पुन्हा पुन्हा माफ कसे करतात. त्यांना कळत नाही, की कळून घ्यायचं नसतं?

कळतं हो. बहुतेकांना व्यवस्थित कळतं. पण नेता नापास झाला हे कबूल केलं की 'मग त्याला निवडलं कोणी?' हा प्रश्न पाठोपाठ येतो, आणि तो नेत्याला नसतो, आपल्याला असतो. मी तरी या निष्कर्षाला आलोय की, नेत्याची चूक पदरात घेणारा माणूस बहुतेक वेळा त्या पदराखाली स्वतःचीच एक जुनी चूक झाकत असतो.

हे माझ्या लक्षात आलं ते काकांमुळे. ते गणिताचे शिक्षक होते. उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळली म्हणून अर्धा गुण कापणारे. 'साधारण' हा शब्द त्यांच्यासमोर वापरायची घरात चोरी होती. असा हा माणूस एका नेत्याचा निस्सीम भक्त. (नाव सांगत नाही. सांगितलं तर निम्मे वाचक इथेच थांबतील आणि उरलेले निम्मे भलत्याच कारणासाठी पुढे वाचतील.) त्या नेत्याचं एकेक आश्वासन मोडत गेलं, तसा काकांचा बचाव एकेक पायरी खाली उतरत गेला. आधी, 'असं काही झालेलंच नाही, विरोधकांनी उठवलंय.' मग, 'झालं असेल, पण त्यात साहेबांचा काय दोष?' मग, 'दोष असेल, पण घरोघरी मातीच्या चुली.' आणि शेवटी, 'बरं, मग दुसरा आहे कोण?' यातली एकही पायरी त्यांनी कधी गाळली नाही.

काकांवर हसण्याआधी माझंही सांगतो. मी मत दिलेल्या उमेदवाराने, ज्या एका कामासाठी मी मत दिलं होतं, त्या कामाला दोन वर्षं हातही लावला नाही. मित्राने टोमणा मारला तेव्हा मी त्याला लिहिलं, 'इतक्या वर्षांचा गोंधळ दोन वर्षांत निस्तरत नसतो, जरा वेळ द्यायला हवा.' पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या बाजूचे लोक सत्तेत आले. पाच महिने झाले नसतील, मी त्याच मित्राला त्यांच्या अपयशांची लांबलचक यादी पाठवली. त्याने उत्तरादाखल माझाच जुना निरोप मला परत पाठवला. सोबत एक अक्षर नाही. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्या दोन दिवसांत काय करत होतो, तर माझं म्हणणं तेव्हा कसं वेगळं होतं याचे मुद्दे काढत होतो. चांगले निघाले होते मुद्दे.

'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' हे आपल्याकडे प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं, पण प्रयोगशाळेतही ते सापडलं आहे. 1970 च्या सुमारास हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला 14-15 वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केला. कोणाला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडतात आणि कोणाला कँडिन्स्कीची, यावरून तुमचे गट पाडलेत, असं मुलांना सांगितलं. प्रत्यक्षात गट नुसते चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. मग दोन गटांतल्या अनोळखी मुलांना थोडे पैसे वाटायला सांगितले. वाटणाऱ्याला स्वतःला त्यातलं काही मिळणार नव्हतं. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून विचित्र म्हणजे, समोरच्या गटाशी फरक वाढत असेल तर आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी त्यांना चालत होतं. न पाहिलेल्या चित्रकारांच्या नावावर एवढं होतं, तर ज्याच्यासाठी माणूस वीस वर्षं भांडलाय, ज्याच्यामुळे त्याची निम्मी मैत्री जुळली आणि निम्मी तुटली, त्या पक्षाच्या बाबतीत काय होईल?

इथे एक बारकाई आहे. लोक फक्त निकालाचा अर्थ बदलत नाहीत, निकालच बदलून वाचतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या आठ वर्षांत महागाईचा दर साडेतेरा टक्क्यांवरून चारच्या आसपास आला. 1988 मध्ये लोकांना विचारलं, तेव्हा विरोधी पक्षाच्या कट्टर समर्थकांपैकी निम्म्याहून अधिक जण म्हणाले की महागाई वाढली. ही माणसं रोज खरेदी करत होती! क्लिंटन यांच्या काळात सरकारी तूट कमी झाली, तेव्हा हाच आंधळेपणा दुसऱ्या बाजूच्या लोकांनी दाखवला. म्हणजे आपल्याचं अपयश न दिसणं आणि दुसऱ्याचं यश न दिसणं हा एकच आजार आहे. तुमच्या प्रश्नात त्याची एकच बाजू आली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता काकांच्या पायऱ्या.

'झालंच नाही' ही पायरी वाटते तितकी कच्ची नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात केलेली घुसखोरी जून 1972 मधली. त्याच नोव्हेंबरात निक्सन 50 पैकी 49 राज्यं जिंकले. पुढची दोन वर्षं चौकशा, साक्षी, सर्वोच्च न्यायालय, आणि शेवटी त्यांच्याच आवाजातल्या ध्वनिफिती. 9 ऑगस्ट 1974 ला त्यांनी पद सोडलं, तेव्हाही गॅलपच्या पाहणीत 24 टक्के लोक त्यांच्या कामावर समाधानी होते. दर चारांतला एक. पण उरलेले तीन ढळले होते, हेही त्याच आकड्यात आहे.

'त्यांचा काय दोष' ही पायरी मात्र नेत्यांनी आणि राज्यव्यवस्थेने मिळून बांधून दिलेली असते. वरचं सरकार, खालचं सरकार, आघाडीतले मित्र, न्यायालय, नोकरशाही, परदेशी बाजार. वड्याचं तेल वांग्यावर काढायला इतकी वांगी हाताशी असताना मतदाराने नेमका कोणाचा कान धरायचा? बिंगहॅम पॉवेल आणि गाय व्हिटन या अभ्यासकांनी 1993 मध्ये 19 लोकशाही देश तपासून हेच दाखवलं. जिथे निर्णय कोणाचा हे स्पष्ट असतं तिथे लोक बिघडलेल्या अर्थव्यवस्थेची शिक्षा सत्ताधाऱ्यांना देतात. जिथे जबाबदारी अनेकांत वाटलेली असते तिथे तो राग विरून जातो. इथे मतदाराला दोष देणं मला पटत नाही. मुळात गुन्हेगार कोण तेच कळू नये अशी सोय असेल, तर त्याला माफी म्हणता येत नाही.

गंमत म्हणजे याच्या बरोबर उलट वागूनही माफी मिळते. एप्रिल 1961 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या सरकारने क्युबातल्या 'बे ऑफ पिग्ज'वर सुमारे 1,400 निर्वासित क्युबन लोकांकरवी हल्ला करवला. तीन दिवसांत तो चिरडला गेला. शंभराहून जास्त मेले, हजाराहून जास्त पकडले गेले. केनेडींनी जबाबदारी जाहीरपणे स्वतःवर घेतली, आणि त्यांची पसंती 83 टक्क्यांवर गेली. संकटात लोक नेत्याभोवती गोळा होतात, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नेत्यानेच 'चुकलो' म्हटलं की मतदाराला खोटं बोलावं लागत नाही. त्याचं मत चुकीचं ठरत नाही, एक निर्णय चुकीचा ठरतो. इतकी स्वस्त युक्ती असून नेते ती इतकी कमी का वापरतात, हे कोडं मला सुटलेलं नाही.

'घरोघरी मातीच्या चुली' यावर फार वेळ घालवत नाही. ब्राझीलमध्ये साओ पावलोचे गव्हर्नर अदेमार दे बारोस यांच्याबद्दल 'खातो, पण कामं करतो' अशा अर्थाचं वाक्य इतकं रूढ झालं की ते तिथल्या राजकारणाचं बोधवाक्यच झालं. सगळे चोर आहेत असं एकदा धरलं की चोरीचे गुण कापायचं कारणच उरत नाही.

खरा पेच शेवटच्या पायरीचा. 'दुसरा आहे कोण?' हे ऐकलं की मी पूर्वी चिडायचो. आता चिडत नाही, कारण कधी कधी ते शंभर टक्के खरं असतं. 1991 मध्ये लुइझियाना राज्यात गव्हर्नरपदाची शेवटची लढत झाली ती एडविन एडवर्ड्स आणि डेव्हिड ड्यूक यांच्यात. एडवर्ड्स भ्रष्टाचारासाठी बदनाम. ड्यूक हा कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा माजी म्होरक्या. लोकांनी गाड्यांवर चिकटपट्ट्या लावल्या : 'चोराला मत द्या, महत्त्वाचं आहे.' एडवर्ड्स मोठ्या फरकाने जिंकले. 2002 मध्ये फ्रान्सात जॅक शिराक यांना पहिल्या फेरीत 20 टक्केही मतं नव्हती. दुसऱ्या फेरीत समोर कट्टर उजवे ज्याँ-मारी ले पेन आले आणि शिराक 82 टक्क्यांवर गेले. डाव्यांनीही नाक धरून त्यांनाच मत दिलं. याला माफी म्हणाल? दगडापेक्षा वीट मऊ, इतकाच त्याचा अर्थ. एडवर्ड्स पुढे 2000 मध्ये आणि शिराक 2011 मध्ये न्यायालयात दोषी ठरले. मत देणाऱ्यांना त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नसावं.

पण नेत्यांनाही हे गणित येतं. आपलं काम सुधारणं कष्टाचं असतं. समोरचा दगड अधिक टोकदार आहे हे पटवणं त्या मानाने सोपं. म्हणून जो नेता कामाचा हिशेब देण्याऐवजी सतत 'ते आले तर काय होईल' एवढंच सांगतो, त्याच्या मतदारांचा शेवटच्या पायरीवरचा मुक्काम हलत नाही. त्यांना तिथे ठेवण्यात त्या नेत्याचा फायदा असतो.

मग हे सुटतं कधी? वाद घालून सुटताना मी पाहिलेलं नाही. अपयश बातमीतून उठून घरात आलं की सुटतं. श्रीलंकेत सत्तेवरच्या राजपक्ष कुटुंबाला 2009 मध्ये तमिळ बंडखोरांविरुद्धचं युद्ध संपवल्याच्या पुण्याईवर लोकांनी खूप काही माफ केलं. 2015 मध्ये राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्ष हरले, पण 2019 मध्ये त्यांचे भाऊ गोटाबाया 52 टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले आणि 2020 मध्ये त्यांच्या पक्षाच्या आघाडीला संसदेत 225 पैकी 145 जागा मिळाल्या. एप्रिल 2022 मध्ये देशाने परकीय कर्जफेड थांबवली. इंधनाच्या रांगेत दिवस-दिवस उभ्या राहिलेल्या माणसाला 'विरोधकांनी उठवलंय' असं सांगता येत नाही. जुलैमध्ये गोटाबाया देश सोडून पळाले. 2024 च्या निवडणुकीत त्या पक्षाला 3 जागा मिळाल्या. मला वाटतं, रांगेचं बळ टंचाईइतकंच सोबतीत होतं. सगळ्यांनी एकाच वेळी मत बदललं, त्यामुळे एकट्याला कोणी 'तू चुकलास' म्हणणारं उरलं नाही.

याहून कमी वेदनेचा एक मार्ग ब्राझीलमध्येच दिसला. 2003 पासून तिथल्या केंद्र सरकारने सोडत काढून नगरपालिकांची हिशेब तपासणी सुरू केली. 2004 च्या निवडणुकीआधी काही ठिकाणचे अहवाल बाहेर आले होते, काहींचे नंतर आले, त्यामुळे तुलना करता आली. आधीच अहवाल आलेल्या ठिकाणी भ्रष्ट महापौरांची पुन्हा निवडून येण्याची शक्यता घटली, स्थानिक रेडिओ असलेल्या गावांत जास्तच. आणि स्वच्छ निघालेल्यांना फायदा झाला. गाव सोडतीत निघालं होतं, म्हणून 'मुद्दाम आमच्याच मागे लागले' हे म्हणायची सोय नव्हती, असा माझा तर्क.

स्वतःपुरतं मी एक करतो. मत देण्याआधी कागदावर दोन-तीन गोष्टी लिहून ठेवतो : हे झालं नाही तर मी नापास म्हणेन. एकदा तो कागद हरवला. हरवला की मी हरवू दिला, हे नक्की सांगू शकत नाही.

आणि काका? त्यांच्याशी मी दहा वर्षं वाद घातला आणि प्रत्येक वेळी हरलो. मग वाद घालणं सोडलं. बऱ्याच महिन्यांनी एका संध्याकाळी टीव्हीवर त्यांच्या त्या नेत्याचं भाषण चालू होतं. काकांनी आवाज कमी केला आणि काकूंना विचारलं, 'काय म्हणतोय तो?' 'साहेब' नाही, 'ते' नाही. 'तो'. चुलतबहिणीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. मी काहीच बोललो नाही. बोललो असतो, तर ते पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन बसले असते.