गाडी कोण ढकलणार?

"बाळासाठी बाबागाडी घ्यायची आहे, पण काही केल्या ठरत नाही. आता तर त्यावरून आमची भांडणं व्हायला लागली आहेत." पहिल्या बाळाची वाट पाहणारी जोडपी हे सांगतात तेव्हा बहुतेकदा ओशाळलेली असतात. एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे यायचं का, असा भाव चेहऱ्यावर असतो. मला ही गोष्ट एवढीशी वाटत नाही. पाळणा बहुतेक घरांत कुणाचा तरी वापरलेला येतो. झबली-टोपडी, दुपटी बाळंतविड्यात येतात. गाडी मात्र आईबापांनी स्वतः निवडायची असते, ती महाग असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरते. 'आपल्याला हे सगळं झेपेल ना' ही धाकधूक मग नेमकी तिच्यावर येऊन बसते.

कोथरूडच्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिला सातवा महिना लागला होता. दोघंही नोकरी करणारे. जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. आल्या आल्या नवऱ्याने लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. एक्सेलची शीट होती. वीसेक गाड्या, प्रत्येकीचं वजन, चाकांचा आकार, घडी एका हाताने होते की दोन्ही हातांनी, सीट किती मागे जाते, कापड धुता येतं का. किंमत साडेतीन हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. काही रकाने हिरवे, काही लाल.

ती त्या शीटकडे बघतही नव्हती. "मी रात्री तीनला उठून रिव्ह्यू वाचत बसते," ती म्हणाली. "एका बाईने लिहिलं होतं, ब्रेक लागला असं वाटलं आणि गाडी उतारावरून सुटली. तेव्हापासून ती गाडी रद्द. मग दुसरीबद्दल तसंच काहीतरी सापडतं. मग तीही रद्द."

तिसरा आवाज साताऱ्याहून फोनवर येत होता, सासूबाईंचा. जन्माच्या आधी बाळाची वस्तू घरात आणू नये, आणि मुळात गाडी हवी कशाला, पोर कडेवर वाढतं. नवरा वैतागून म्हणत होता, "आईला आजकालचं कळत नाही." सून मधल्या मध्ये गप्प.

कोणती गाडी चांगली, या चर्चेत मी शिरलेच नाही. मी विचारलं, "बाळ तीन महिन्यांचं झालंय असं धरा. मंगळवार आहे, दुपारचे चार वाजलेत. घरात कोण आहे?"

नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीला, तो घरी पोचणार आठला. सासूबाई सव्वा महिना राहून साताऱ्याला परतलेल्या, कारण सासऱ्यांचं पथ्यपाणी त्यांच्याशिवाय होत नाही. हे सगळं त्यांनी मोजून सांगितलं आणि मग दोघंही थांबले.

"मी," ती म्हणाली. "मी एकटी." आणि तिला रडू फुटलं.

तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. "पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणतात सगळे. माझं माहेर म्हणजे आता बाबा आणि एक न वापरलेलं स्वयंपाकघर. आई असती तर चार वाजता तिने बाळ माझ्या हातून घेतलं असतं. म्हणाली असती, जा, जरा पड."

रात्री तीन वाजता ती जे शोधत होती, ते हे होतं. बाळ तिच्या हातून तासभर घेणारं कुणीतरी. ही अपेक्षा घेऊन गाडी बघायला लागलं की एकही गाडी पास होणार नाही, मग ती पन्नास हजारांची असो. नवऱ्याला विचारलं तेव्हा तोही त्याच ठिकाणी पोचला, फक्त दुसऱ्या वाटेने. "मी चार वाजता घरी असू शकत नाही," तो म्हणाला. "निदान माझ्याऐवजी जे काही घरात असेल ते चांगलं असावं." बायकोला तोवर वाटत होतं की याला फक्त आकड्यांचा नाद आहे.

मग आम्ही दोन याद्या वेगळ्या केल्या. चार वाजता घरात कोण, ही एक. गाडीकडून काय हवं, ही दुसरी. पहिलीतलं ओझं दुसरीवर टाकायचं नाही, एवढं ठरलं. दुसऱ्या यादीसाठी हर्बर्ट सायमन या अमेरिकी विचारवंताची एक पद्धत मी नेहमी सुचवते. माणसं निर्णय कसे घेतात, यावरच्या कामासाठी त्यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सगळ्यात उत्तम ते शोधत बसलो तर शोध संपतच नाही. आपल्या अटी आधी ठरवाव्यात आणि त्या पूर्ण करणारी पहिली गोष्ट मिळाली की थांबावं. खरी मेहनत अटी ठरवण्यात आहे, आणि त्या इंटरनेटवर सापडत नाहीत. त्या आपल्या जिन्यात आणि रस्त्यावर सापडतात.

म्हणून गृहपाठ दिला. तिने संध्याकाळी बाळाला घेऊन जिथे जावंसं वाटेल, त्या वाटेने चालून यायचं आणि दिसेल ते लिहायचं. त्याने एका हातात दहा किलो तांदळाची पिशवी घ्यायची, सहा किलोचं ओझं सॅकमध्ये भरून छातीशी बांधायचं आणि तळमजल्यापासून घरापर्यंत चढायचं. मोठ्या, भक्कम गाडीचं वजन दहा किलोच्या आसपास सहज जातं आणि तीन महिन्यांचं बाळ साधारण सहा किलोचं असतं.

पुढच्या वेळी ती चुरगळलेला कागद घेऊन आली. सोसायटीचं गेट ते मेडिकल, फुटपाथवर विजेचा डीपी बॉक्स, त्याच्यापुढे लावलेल्या दुचाक्या, मग रस्त्यावर उतरावंच लागतं. दोन ठिकाणी पेव्हर ब्लॉक उखडलेले. बागेच्या दाराशी दुचाक्या आत जाऊ नयेत म्हणून लावलेले वाकडे-तिकडे पाइप, त्यातून माणूस जातो, रुंद गाडी जाणार नाही. सोसायटीचं पार्किंग मात्र गुळगुळीत आणि दुपारभर रिकामं, सावलीचं. कागदाच्या शेवटी तिने लिहिलं होतं, 'मेट्रो स्टेशनला लिफ्ट आहे. जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ रुंद आहे. रविवारी जाता येईल.' बाळाला घेऊन मजेत कुठे जाता येईल, हा विचार तिच्या बोलण्यात तेव्हा पहिल्यांदा आला.

नवरा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला टेकला होता. शीटमधल्या निम्म्या गाड्या त्याने त्याच रात्री काढून टाकल्या. हलकी, घडीची गाडी जगात आली ती याच अडचणीतून. ओवेन मॅकलॅरन हे ब्रिटिश विमान-अभियंता. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलं होतं. लेक नातीला घेऊन घरी आली तेव्हा जड प्रॅम हलवताना तिची होणारी धडपड त्यांनी पाहिली आणि ॲल्युमिनियमची, छत्रीसारखी मिटणारी गाडी बनवली. तिचं पेटंट १९६५ चं.

सासूबाई डोहाळजेवणाला पुण्यात आल्या तेव्हा सून त्यांना माझ्याकडे घेऊन आली. मी त्यांना गाडीबद्दल काही विचारलं नाही. नातवंडाबरोबर काय काय करायचं मनात आहे, एवढंच विचारलं. त्या बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला मांडी घालून बसता येत नाही आता. गुडघे गेले. पाय पसरून, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं म्हटलं तर उठता येणार नाही. कडेवर घेऊन जिना उतरायची तर भीतीच वाटते. त्यात ही दोघं गाडी आणणार म्हटल्यावर वाटलं, म्हातारीच्याने काही होणार नाही हे धरूनच चाललेत."

सुनेने त्यांचा हात धरला. "आई, गाडी असली तर तुम्हीच त्याला खाली फिरवाल ना. पार्किंगमध्ये. बाळाला खाली मी आणून देईन."

जन्माआधी वस्तू न आणण्याच्या समजुतीशी मी कधीच भांडत नाही, आणि तरुण जोडप्यांनीही भांडू नये असं मला मनापासून वाटतं. जन्मलेलं प्रत्येक मूल जगेलच याची खात्री नव्हती, त्या काळातल्या घरांनी जपलेली ती सावधगिरी आहे. शिवाय अडतंय कुठे? पहिला सव्वा महिना बाळ-बाळंतीण घरातच असतात. यादी तयार ठेवावी, पैसे बाजूला काढावेत, गाडी बारशानंतर येऊ द्यावी.

आता गाडीच्या अटी, ज्यांत तडजोड करू नका असं मी सगळ्यांनाच सांगते. मान नीट धरत नाही तोवर बाळ सपाट झोपेल अशीच गाडी हवी. अर्धवट बसतं ठेवलं की हनुवटी छातीवर येते आणि श्वासाची वाट दबू शकते. म्हणून सीट पूर्ण आडवी होत नसेल तर साधारण सहा महिन्यांपर्यंत ती गाडी आपल्या कामाची नाही. फिरताना डोळा लागला तर लागू दे, पण घरी आल्यावर बाळाला अंथरुणावर सपाट, पाठीवर निजवायचं. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते, चार महिन्यांच्या आतल्या बाळांबाबत तर विशेष करून. पट्टे पाच ठिकाणी धरणारे हवेत, दोन्ही खांदे, दोन्ही कंबरेला आणि एक पायांमधून. हँडलला जड पिशव्या अडकवायच्या नाहीत, बाळ उचललं की गाडी मागे उलटते. उन्हात वरून दुपटं टाकून गाडी झाकायची नाही, आत हवा कोंडते आणि उष्णता वाढते. घडी करताना बाळ हाताच्या अंतरावर नको. मॅकलॅरन कंपनीनेच २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांवर बसवायला झाकणं दिली होती, कारण बिजागरीत मुलांची बोटं सापडून तुटली होती.

एक गोष्ट सक्तीची नाही, पण मला फार महत्त्वाची वाटते. बाळाचं तोंड आपल्याकडे करता येईल अशी गाडी मिळाली तर बघा. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी २००८ मध्ये याचा अभ्यास केला. बाळ समोर दिसत असलं की आया त्याच्याशी दुपटीने जास्त बोलत होत्या. चार वाजता एकट्या असलेल्या आईला समोर एक चेहरा दिसणं, हे बाळाइतकंच आईच्याही भल्याचं आहे.

सासूबाईंनी जाता जाता विचारलं, "मग चालायच्या वेळेला वॉकर आणू?" पायाने ढकलत पळवायचा तो चाकांचा वॉकर आणू नका, असं स्पष्ट सांगितलं. जिन्यावरून गडगडण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. उभं राहून ढकलायचा लाकडी पांगुळगाडा वेगळा, बाळ आपणहून उभं राहायला लागलं की कुणीतरी शेजारी असताना तो चालेल.

त्यांनी शेवटी काय घेतलं? बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर, सात किलोच्या आतली, सीट पूर्ण आडवी होणारी, बागेच्या पाइपांमधून जाईल एवढ्या रुंदीची गाडी. तीही वापरलेली, शेजारच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाकडून. वापरलेली गाडी घ्यायला माझी काहीच हरकत नसते. फक्त घेताना पाच-सहा वेळा उघडून मिटून बघा, उघडल्यावर खटका पक्का बसतो का ते पाहा, उतारावर वजन ठेवून ब्रेक लावून बघा, पट्ट्यांची शिवण ओढून बघा. त्यांनी हे सगळं केलं. सेक्रेटरींना विचारून गाडी जिन्याखाली साखळीने बांधून ठेवायची सोय झाली, म्हणजे ती तिसऱ्या मजल्यावर चढवायचा प्रश्नच उरला नाही.

पहिल्या यादीला जास्त वेळ लागला. नवऱ्याने आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून घेतलं. तळमजल्यावरच्या काकू एरवीही दुपारी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात. त्यांना विचारायला तिला फार संकोच वाटत होता, तिला ते जमावं म्हणून आम्ही एका सत्रात चक्क सराव केला. काकू म्हणाल्या, "अगं, विचारायचं काय त्यात?" तिचे बाबा बुधवारी येऊ लागले. त्यांना बाळाला घ्यायची भीती वाटायची, गाडीचं हँडल धरायची नाही वाटली. त्या दिवशी ती खरंच तासभर झोपते.

खरेदीची काळजी आणि आजारात गणली जाणारी काळजी यांतला फरकही सांगते. झोपायची संधी असूनही झोप लागत नाही, तेच तेच तपासल्याशिवाय चैन पडत नाही, मनात बाळाला काही होईल याचीच चित्रं येतात, हे दोन आठवडे चाललं तर आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला एडिनबरा प्रश्नावली नावाची दहा प्रश्नांची साधी चाचणी १९८७ पासून वापरात आहे, ती दहा मिनिटांत होते. गोव्यात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं होतं, म्हणजे जवळपास चारांत एक. हे वेळेत ओळखलं तर बरं होतं. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. तिला फोन करायचं बळ नसेल तर नवऱ्याने करावा, सासूबाईंनी करावा. काय बोलायचं ते आधी ठरवायची गरज नाही. "ती रात्री तीनला उठून बसते," एवढं सांगितलं तरी पुढचं ते विचारतात.